गाडी जंपरवर सुरू झाली, तेव्हाच कळायला हवं होतं

३७,००० गेले. बॅटरी, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) आणि ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) यांच्या नावाखाली गेले. दोष होता बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत आणि शेवटी तो ३५० मध्ये निघाला. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

रात्री साडेनऊला चावी फिरवली. बॉनेटखालून एक ‘टक’, मग शांतता. डॅशबोर्डचे दिवे मात्र लख्ख, जरासुद्धा मंद नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. अशा वेळी माणूस जो मेकॅनिक फोन उचलेल त्याला बोलावतो, मीही बोलावलं. त्यात माझं काय चुकलं ते आता शहाणपण शिकवणाऱ्यांनी सांगावं.

तो आला. जंपरचा, म्हणजे दुसऱ्या बॅटरीतून वीज देणाऱ्या तारांचा, लाल चिमटा माझ्या बॅटरीच्या प्लसला लावला, काळा थेट इंजिनच्या लोखंडाला. सेल्फ मारला आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू.

हाच तो क्षण. सेल्फ जळलेला असता तर फिरला कसा? ईसीएम मेलेला असता तर इंधन सोडणारे इंजेक्टर कोणी चालवले? गाडी सुरू झाली म्हणजे दोन्ही ठणठणीत. बॅटरी झोपलेली असती तर सेल्फ मारताना दिवे मंद व्हायला हवे होते, तेही झाले नव्हते. उरली फक्त बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंतची वाट, आणि काळ्या चिमट्याने नेमकी तीच ओलांडली होती! (चिमटा इंजिनला लावणं चूक नाही, ठिणगी बॅटरीपासून लांब पडावी म्हणून तसाच लावतात.) उत्तर माझ्या नाकासमोर लोंबत होतं आणि मी काय केलं? त्याचे आभार मानले. दोनदा.

गॅरेजमध्ये त्याने स्कॅनर जोडला. लाल अक्षरांत १४ फॉल्ट कोड. “ईसीएम गेला, साहेब. त्याने सेल्फ खाल्ला, सेल्फने बॅटरी खाल्ली.” हे वाक्य मी गंभीरपणे ऐकून घेतलं! व्होल्टेज पडलं की निम्म्या गाडीचे कंट्रोलर बोंब मारतात आणि कोडांचा पाऊस पडतो. आधी कोड पुसायचे, मग पुन्हा वाचायचे. जे परत येतील ते खरे. हे मला आज माहीत आहे. माझं काम दुसऱ्यांची बिलं तपासण्याचं आहे. हसा.

बॅटरी ६,८५०. सेल्फ ९,४००. ईसीएम १८,५००. मजुरी २,३००. एकूण ३७,०५०, पैकी ५० त्याने उपकार केल्यासारखे सोडले. बिल कच्चं, शिक्का नाही.

अकराव्या दिवशी तोच ‘टक’.

या वेळी एका ओळखीच्या वायरमनला आणलं. त्याने नवीन काहीच विकलं नाही. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनला, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. ७.२ व्होल्ट! तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. पट्टीचं टोक बोल्टखाली हिरवट भुकटीने भरलेलं होतं. घासलं, आवळलं, गाडी सुरू. सेल्फ बदलताना ती पट्टी हलली असणार, म्हणून अकरा दिवस चालली. मग त्याने ईसीएम दाखवला. बोल्टांवर जुनी धूळ घट्ट बसलेली, पाना कधी लागलेलाच नाही. १८,५०० त्या धुळीचे.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, हा दिवाणी मामला, ग्राहकांच्या तक्रारी घेतात तिकडे जा. तिकडे गेलो तर पक्कं बिल आणा. पक्कं बिल असतं तर तो फसवणारा कसला? बरं, ईसीएम बदललेला नाही असं तज्ज्ञाचं लेखी आणा म्हणाले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तपासणीचे १,२०० घेतले, तोंडी “नाही बदललेला” म्हणून सांगितलं, पण बाहेरच्या कामाबद्दल लेखी देत नाही म्हणे. ते घेऊन, म्हणजे काहीच न घेऊन, परत खिडकीवर. टेबलावरचा माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुम्ही तेव्हाच बघायला हवं होतं.” कामावरून तीन अर्धे दिवस गेले. मग ऑनलाइन तक्रार. नवव्या दिवशी संदेश: निकाली. काय निकाल लागला? कुणाशी बोललात? तक्रार बंद केली की तिचा निकाल लागतो, एवढंच मला समजलं.

मल्टिमीटर घ्या. गाडी निवांत असताना बॅटरी १२.६ च्या आसपास, सेल्फ मारताना साडेनऊ-दहाच्या खाली नको, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. एकच टक आणि भराभर टकटकटक यांत फरक आहे. दुसऱ्यात आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघा. सेल्फ फिरतोय पण गाडी पकडत नाही, तर ती वेगळी भानगड. डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून पाहा. ईसीएम म्हटलं की उठून चालू लागा. निदान त्याचा नंबर आधी फोटोत घ्या.

आणि जुने पार्ट सोडू नका. माझा सेल्फ तिथेच राहिला. चांगला होता तो. एव्हाना कुणाच्या तरी गाडीत ९,४०० ला नवा म्हणून बसलाही असेल.