भडंगवाल्याचं पोरगं आणि विश्रामबागेतला ॲलर्जीचा दवाखाना

पाचपैकी चार तारे. एक कापला तो टोकनसाठी. नंबर सकाळी 10 वाजताचा, आत घेतलं साडेबाराला.

माझं सांगलीत भडंगाचं दुकान. रोज कढईत शेंगदाणे तळतो आणि पाच वर्षांच्या पोराला त्याचीच ॲलर्जी! आधी दोनदा खाल्ले तेव्हा काही झालं नव्हतं. तिसऱ्यांदा मूठभर खाल्ले आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वासाला शिट्टी वाजायला लागली. पहिल्या दवाखान्यात नुसती गोळी देऊन बसवून ठेवलं. दुसरीकडे मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठं पोरगं बोललं.

इथं आलो तर डॉक्टरांनी टेस्ट न करताच परत पाठवलं. "पेशी आत्ता रिकाम्या झाल्यात, टेस्ट खोटी निगेटिव्ह येईल. सहा आठवड्यांनी या, आणि त्याआधी आठवडाभर ॲलर्जीची गोळी बंद." या पेशींचं नाव मास्ट सेल. मला आधी 'मस्त सेल' ऐकू आलं, म्हटलं कुठं लागलाय? पॉल एर्लिख या शास्त्रज्ञानं 1878 साली जर्मनमध्ये ठेवलेलं नाव, अर्थ पोट भरलेली पेशी.

डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं: आधीच्या खाण्यात शरीरानं दाण्याविरुद्ध आयजीई नावाची अँटीबॉडी बनवली, ती या पेशींवर जाऊन बसली. पुन्हा दाणा आला की त्याचं प्रोटीन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतं आणि पेशी हिस्टामीन नावाच्या रसायनाची पोती फोडते. रक्तवाहिन्या पाझरतात, बीपी पडतं, श्वासनळ्या आवळतात. गोळी फक्त हिस्टामीनला अडवते. बीपी चढवायला, श्वास मोकळा करायला ॲड्रेनलिनच लागतं.

सहा आठवड्यांनी गेलो, टेस्ट सोपी. हातावर थेंबांची रांग, त्यात एक मिठाच्या पाण्याचा, एक हिस्टामीनचा, बाकी खाण्याचे. प्रत्येकातून हलकी टोच. पंधरा मिनिटांनी डॉक्टरांनी मोजपट्टी लावली. मिठाच्या पाण्यापेक्षा 3 मिलिमीटर मोठी गाठ म्हणजे पॉझिटिव्ह, शेंगदाण्याची 9 भरली. पोरगं रडलं नाही, मीच तोंड फिरवलं.

फी माझ्या दीड दिवसाच्या गल्ल्याएवढी. पण शेवटी नर्सबाईंनी अर्धा तास दोघांना ॲड्रेनलिन टोचायला शिकवलं: 18 किलो वजनाला 0.18 मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि टोचल्यावर थेट हॉस्पिटल. सराव मोसंब्यावर. बायकोला पहिल्याच मोसंब्यावर जमलं, मला तिसरं लागलं.