ब्लूबर्डच्या पेटीवरचा ‘स्पॅरो स्पूकर’ : सहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

न्यू जर्सीतील आमच्या घरामागच्या अंगणात ब्लूबर्ड या निळ्या रंगाच्या छोट्या देशी पक्ष्याला घरटे करता यावे म्हणून बसवलेली एक लाकडी पेटी आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात मी ती उघडली, तेव्हा आत ब्लूबर्डची मादी मरून पडलेली होती. तिच्या डोक्यावरची पिसे उपटलेली होती, टाळूवर चोचीचे घाव होते आणि तिच्या अंगावरच चिमण्याने वाळलेल्या गवताच्या काड्या रचायला सुरुवात केली होती. ‘हा घास चिऊचा’ म्हणत आईने ज्या पक्ष्याच्या नावाने मला भरवले, त्याचेच हे काम आहे, हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले. महाराष्ट्रात चिमण्या कमी झाल्याची हळहळ रास्तच आहे, कारण तिथे ती मूळची आहे. इथे मात्र ती १८५१ च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये माणसांनी आणून सोडली आणि झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या देशी पक्ष्यांच्या जागा बळकावत खंडभर पसरली. १९१८ च्या ज्या संघीय कायद्याने ब्लूबर्डच्या घरट्याला संरक्षण मिळते, तो चिमणीला लागू होत नाही.

ब्लूबर्डला दीड इंच व्यासाचे छिद्र लागते आणि त्यातून चिमणीही सहज शिरते. चिमणीला अडवण्याइतके छिद्र लहान केले, तर ब्लूबर्डही बाहेरच राहतो. म्हणून यंदा मी चिमण्यांना बिचकवणारा ‘स्पॅरो स्पूकर’ लावला. पेटीच्या मागच्या बाजूला दोन उभ्या काठ्या, त्यांच्या आधाराने छपरावर आडवी बसवलेली एक काठी आणि तिच्यावरून लोंबणाऱ्या चकचकीत मायलरच्या (पातळ प्लास्टिकच्या) पट्ट्या, एवढेच त्याचे स्वरूप आहे. पट्ट्यांची टोके छपराला जेमतेम टेकतील इतकी लांब हवीत. वाऱ्याची झुळूक आली की त्या छपरावर सळसळतात आणि उन्हात लखलखतात. पेटीवर उतरू पाहणारा चिमणा ते पाहून कुंपणावरूनच मागे फिरतो.

हा उपाय योग्य वेळी केला तरच उपयोगी पडतो. ब्लूबर्डच्या मादीने पहिले अंडे घातल्याशिवाय स्पूकर लावू नये, कारण त्याआधी तीही बिचकून पेटी सोडून जाऊ शकते. अंडे घातल्यावर मात्र तिचा जीव तिथे गुंतलेला असतो. एप्रिलमध्ये फिकट निळे पहिले अंडे दिसले त्याच सकाळी मी स्पूकर बसवला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहिलो. मादी दोनदा पेटीजवळ येऊन परत गेली, तिसऱ्या वेळी छिद्राच्या कडेला लटकली, मान वर करून पट्ट्यांकडे पाहिले आणि आत गेली. पाच अंड्यांपैकी चार पिल्ले उडाली. पिल्ले उडताच स्पूकर उतरवावा, नाहीतर चिमण्यांना त्याची सवय होते.

मात्र स्पूकर उतरवल्यापासून दुसऱ्या विणीचे पहिले अंडे येईपर्यंत पेटी उघडीच राहते. त्या दोन आठवड्यांत काळ्या गळ्याच्या एका चिमण्याने ती ताब्यात घेतली. मी घरटे काढावे आणि त्याने दुसऱ्या दिवशी नवे रचावे, असे सहा वेळा झाले. चिमण्याची ओढ जोडीदारापेक्षा जागेकडे अधिक असते आणि हुसकावलेला नर आसपासच्या पेट्यांवर हल्ले करतो, हे कळल्यावर मी घरटी काढणे थांबवले. सातव्या घरट्यातील अंड्यांना मक्याचे तेल चोळून ती परत ठेवली. तेलामुळे कवचाची छिद्रे बुजतात, अंडी फुटत नाहीत आणि चिमणी व्यर्थ बसून राहते. हे काम मला जड गेले. चिकडीसारख्या पेटीत घरटे करणाऱ्या छोट्या देशी पक्ष्यांची अंडीही ठिपकेदार असतात. त्यामुळे पक्ष्याची खात्री होईपर्यंत घरट्याला हात लावू नये. चिमणीचे घरटे गवत, पिसे आणि प्लास्टिकच्या तुकड्यांचे, अस्ताव्यस्त असते. चिकडीच्या घरट्यात शेवाळ असते.

ब्लूबर्डची दुसरी विण सुखरूप पार पडली ती मुख्यतः पेटी हलवल्यामुळे. घरापासून वीस फुटांवरची पेटी मी जूनमध्ये अंगणाच्या टोकाला, मोकळ्या गवतात नेली. चिमणीला माणसांच्या घराजवळची जागा आवडते, ब्लूबर्डला उघडे गवत. दाण्यांच्या भांड्यातून मिलेट आणि भरडलेला मका काढून करडई ठेवली, तेव्हा चिमण्यांचा थवाही विरळ झाला. खरे तर हे दोन्ही बदल मार्चमध्येच करायला हवे होते. छिद्राभोवती मासेमारीची तंगूस बांधण्याचा प्रयोगही मी केला होता, पण चार दिवसांत चिमण्याने तिला भीक घातली नाही.

पेटीच्या आत बसवायचा सापळा मी आणला नाही. त्यात देशी पक्षीही अडकू शकतो, म्हणून तासातासाला पाहणी करावी लागते आणि मी दिवसभर कामावर असतो. शिवाय पकडलेली चिमणी मारण्याची तयारी नसेल, तर सापळा लावू नये असे माझे मत आहे. दूर नेऊन सोडलेली चिमणी दुसऱ्या कुणाच्या तरी पेटीवर जाऊन बसते.

स्पूकरचा दोष म्हणजे पट्ट्या टिकत नाहीत. जूनमधल्या वादळात दोन तुटल्या आणि एक काठीला गुंडाळली जाऊन छिद्रासमोर आडवी लोंबू लागली. त्या संध्याकाळी मादी तासभर तारेवर बसून होती. तेव्हापासून प्रत्येक वाऱ्यानंतर मी पट्ट्या तपासतो आणि दर सहा आठवड्यांनी बदलतो.