सुकाणूला दांडा लावावा की सर्वो?

पाण्याखालच्या यंत्राचं सुकाणू कशानं फिरवायचं, असं विचारत कॉलेजची पोरं प्रोजेक्टच्या दिवसांत माझ्या शेडवर येतात. त्यांच्यापुढे पर्याय साधारण दोनच असतात. एक, नळीतून आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याचा बंद लिनिअर ॲक्च्युएटर. दुसरा, तेल भरलेला सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी गिअरवाली छोटी मोटर, तिच्या हाताला सळई जोडून. मी दोन्ही वापरलेत. कुपवाडच्या एमआयडीसीत माझं काम विहिरी, जॅकवेल (पाणी उपसायच्या पंपाची विहीर) आणि बंधाऱ्यांच्या दारांपुरतं चालतं. समुद्रात मी कधी यंत्र सोडलेलं नाही, तेव्हा खाऱ्या पाण्याबद्दल माझ्याकडून काही ऐकू नका.

दोन्ही बाजूंचे थ्रस्टर, म्हणजे यंत्राला पाण्यात ढकलणारे मोटरचे पंखे, कमी-जास्त करून वळता येतंच, मग सुकाणू हवंय कशाला, हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक यंत्रं तशीच वळतात. माझी केबल लांब आणि तिच्यात व्होल्टेज पडतं, म्हणून पुढे जायला मागे एकच थ्रस्टर ठेवलाय आणि त्याच्या झोतात दारासारखी बिजागरीवर फिरणारी पाती. तुमची केबल आखूड असेल तर हा सगळा खटाटोप करूच नका.

दांडा मला पहिल्यापासून आवडायचा. सोलर पॅनल फिरवायला, दवाखान्यातली कॉट वर-खाली करायला हाच असतो, त्यामुळे तयार मिळतो. जोर भरपूर. आत स्क्रू असल्यामुळे गाडीच्या जॅकसारखा जिथे थांबला तिथेच राहतो, धरून ठेवायला करंट लागत नाही. बॅटरीवर चालणाऱ्याला हे सोन्यासारखं वाटतं, मलाही वाटलं. फक्त डब्यावरचा आयपी आकडा, म्हणजे धूळ-पाणी कितपत अडवतो ते सांगणारा, नीट वाचा. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ६८ ची खोली बनवणारा स्वतः ठरवतो, ती विचारून घ्या. ६९के ऐकायला मोठं वाटतं, पण ते जोरदार गरम फवाऱ्यासाठी आहे, बुडवण्यासाठी नाही.

मग एका उन्हाळ्यात नदीकाठच्या जॅकवेलमध्ये उतरलो. पाणी आठ-नऊ मीटर, गाळ इतका की दिव्याचा उजेड वीतभर पुढे जाईना. पाइपामागे बघायला सुकाणू पूर्ण डावीकडे घातलं आणि तिथेच दांड्याची मोटर गेली. पुढे न्यावं तर गोल, मागे घ्यावं तरी गोल. वर केबल सोडणारा पोरगा म्हणाला, "मालक, ह्ये भोवऱ्यागत फिराय लागलंय!" तोवर पंपाच्या पाइपाला केबलचे अडीच वेढे पडले होते. दुपारचं जेवण राहिलं आणि वेढे सुटेपर्यंत दिवे लागले.

शेडवर येऊन उघडला तर आतून चहाच्या रंगाचं पाणी निघालं. कारण नंतर डोक्यात आलं. माझा दांडा वीस मिलिमीटर जाड होता. तो पाच सेंटिमीटर बाहेर पडला की नळीत जवळजवळ सोळा मिलिलिटर जागा मोकळी होते, औषधाच्या तीन चमच्यांएवढी. तेवढी हवा आत विरळ होते, बाहेरून पाणी दाबत असतंच. त्यात गाळानं दांड्याला बारीक ओरखडे पाडलेले. सील कितीही पुसू दे, दर फेरीला थोडा ओलावा आत जातोच, आणि गेलेला परत येत नाही.

खरं सांगायचं तर पाणी शिरलं हे मी पोटात घातलं असतं. सील बदलता येतं. मनातून उतरला तो दुसऱ्याच गोष्टीनं: मेला तरी मान वाकडीच. जागच्या जागी अडकून राहण्याचा जो गुण बघून घेतला, त्यानंच सुकाणू डावीकडे धरून ठेवलं. झोत पातीवर आदळत होता, पाती जागची हलेना. टोकाला सुटणारी पिन लावून पाहिली, तर ती काडीकचऱ्याला अडकूनच सुटायला लागली.

सर्वो मेला की त्याचे गिअर थोडे कुरकुरतात, पण झोतानं पाती हळूहळू सरळ होते. मी दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्यात, त्यामुळे लवकर होते. यंत्र सरळ चालतं आणि घरी येतं, मला तेवढं पुरे.

त्याची कटकट वेगळीच. तेल भरताना बुडबुडे काढायला रात्र जाते. शेजारी मऊ नळीची छोटी पिशवी लागते, म्हणजे आतलं-बाहेरचं दडपण सारखं राहतं आणि पाण्याला आत घुसायचं कारणच उरत नाही. सर्वोचा आस नुसता फिरतो, आत-बाहेर होत नाही, म्हणून बोटाएवढी पिशवी भागते. दांड्यातही तेल भरता येतं, खोल समुद्रातल्या यंत्रांत भरतातच, पण पिशवीला दर फेरीला ते तीन चमचे सांभाळावे लागतात. ओ-रिंग, म्हणजे सीलची गोल रबरी कडी, नायट्राइल रबराची घाला, ईपीडीएम रबराची तेलात फुगते. शिलाई मशीनचं पातळ तेल चांगलं चालतं. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीसाठी मी मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणतो. दुकानदार दर वेळी कोणाचं पोट बिघडलंय ते विचारतो. ते जरा दाट असतं, थंडीत सर्वो सुस्तावतो. शिवाय वळण धरून ठेवायला करंट खातो, पट्ट्यांमुळे अजून थोडा जास्त. पण गळती झाली तर तेलाचा तवंग वर दिसतो. दांड्यातलं पाणी उघडल्याशिवाय कळत नाही.

तुमचं पाणी स्वच्छ असेल, खोली थोडी असेल आणि जोर जास्त हवा असेल, तर दांडा घ्यायला माझी हरकत नाही. खोलीचा मात्र हिशेब करा. कोयनेची भिंत १०३ मीटर उंच आहे. तेवढ्या पाण्याखाली वीस मिलिमीटरच्या दांड्याला पाणीच तीसेक किलोनं आत ढकलतं. घेतलाच तर जागा दाखवायला हॉल सेन्सर नको, पोटेन्शिओमीटरवाला बघा, रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा तो जागा थेट दाखवतो. हॉल सेन्सर चुंबकावरून मोटरच्या फक्त फेऱ्या मोजतो, लाइट झपकली की बहुतेकदा मोजणी विसरतो आणि मध्य शोधायला टोकापर्यंत जाऊन येतो. माझा जुना दांडा हॉलवालाच होता. सील बदलून तो आता मेहुण्याच्या पोल्ट्रीत पडदा वर-खाली करतो.