जुन्या साइटला ब्लॉग जोडला: जेकिल आणि डेकॅप, पावसाळ्यापासून शिगम्यापर्यंत

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात काकांचं कुळागर, म्हणजे सुपारी-मसाल्यांची बाग, आहे आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या. त्याची साइट जुनी, साध्या एचटीएमएल पानांची: खोल्या, जेवण, रस्ता, फोन. ती उघडते झटकन आणि कधी बंद पडत नाही, म्हणून तिला हात लावायची कुणाची इच्छा नव्हती. पण पाहुणे फोनवर विचारतात ते वेगळंच. जायफळं उतरवायला लागलात का? भिरंडं (कोकमं) मिळतील का? व्हाळाला अजून पाणी आहे? ही उत्तरं दर पंधरवड्याला बदलतात आणि ती काकींकडे असतात. मला ठाऊक नसतात. म्हणजे लिहायचं काकींनी, आणि दर वेळी मला फोन न करता. ब्लॉग सोपा आहे की नाही, ते मी एवढ्यावरूनच ठरवलं.

आधी दोन सोप्या वाटा पाहिल्या. सबफोल्डरमध्ये वर्डप्रेस टाकणं ही पहिली. लिहिणाऱ्याला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही, हे मान्यच. पण त्याला पीएचपी आणि डेटाबेस लागतो, शिवाय प्लगिनांचे अपडेट कायमचे मागे लागतात. दोन पानी मजकुरासाठी एवढा पसारा सांभाळायला घरात कुणी नाही. दुसरी वाट गूगलच्या ब्लॉगरची. तो एके काळी आपल्याच सर्व्हरवर एफटीपीने पानं पाठवायचा. ती सोय गूगलने मे २०१० मध्ये बंद केली. आता सबडोमेन जोडता येतं, पण ते घर शेजारचं, आपलं नव्हे. साच्याचे रंग कितीही जुळवले तरी पाहुण्याला उंबरठा ओलांडल्याचं कळतंच.

शेवटी जेकिल घेतलं. साध्या मजकुराच्या फाइलींतून तयार पानं बनवणारं हे साधन २००८ पासूनचं आहे, गिटहबच्या (कोड ठेवायच्या साइटच्या) संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहिलेलं, आणि गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्या साइट ठेवायच्या सेवेवर, ते आपोआप चालतं. मला पटलेली गोष्ट अशी की जुन्या पानांना ते हात लावत नाही. ज्या फाइलच्या माथ्यावर तीन-तीन आडव्या रेघांच्या दोन ओळी नाहीत, ती फाइल जशीच्या तशी पुढे जाते. त्यामुळे जुने पत्ते शाबूत राहिले, आणि कार्डांवर छापलेले क्यूआर कोडही चालू राहिले. फक्त मुख्य पानाला त्या दोन ओळी दिल्या आणि शेवटच्या तीन नोंदी तिथे आणल्या. एक सावधगिरी मात्र हवी: नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोअर असलेले फोल्डर जेकिल वगळतं. जुने फोटो तसल्या फोल्डरात असतील तर सेटिंगमध्ये ते मुद्दाम सामील करायला लागतात.

काकी काही मार्कडाउन (साध्या खुणांच्या मजकुराची) फाइल बनवून गिटला, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला, ढकलणार नाहीत. त्यासाठी वर डेकॅप, ब्राउझरातून लिहायचं साधन, बसवलं. आधी याचं नाव नेटलिफाय सीएमएस होतं, २०२३ मध्ये बदललं. अॅडमिन नावाच्या फोल्डरात दोनच फाइली: एक पान आणि एक कॉन्फिग. ते पान उघडलं की शीर्षक, तारीख, फोटो, मजकूर अशा चौकटी दिसतात. 'पब्लिश' दाबलं की मागच्या मागे गिटमध्ये कमिट होतो, म्हणजे बदल नोंदला जातो, आणि साइट नव्याने बनते (यालाच बिल्ड म्हणतात). चौकटींची नावं मी मराठीत दिली आहेत. बटणं इंग्रजीच आहेत, पण पाच-सहा बटणांची सवय व्हायला वेळ लागत नाही. शीर्षकात विसर्गचिन्हासारखा कोलन आला तर हाताने लिहिलेल्या फाइलीत तो जेकिलला नीट वाचता येत नाही. डेकॅप शीर्षक स्वतःच अवतरणात ठेवतं, म्हणून ती भानगड काकींपर्यंत पोचली नाही.

अवघड भाग लॉगिनचा. एक तर गिटहबशी जोडायला मधे छोटा ऑथ सर्व्हर, म्हणजे ओळख पटवणारा दुवा, लागतो. मी तो क्लाउडफ्लेअर वर्कर्स या छोटे प्रोग्राम चालवणाऱ्या सेवेवर ठेवला. तिथे मोफत मर्यादा दिवसाला एक लाख विनंत्यांची आहे, आपल्याला त्यातलं चिमूटभर लागतं. दुसरं म्हणजे काकींचं स्वतःचं गिटहब खातं. तिथे कोड देणाऱ्यांना २०२३ पासून दुहेरी पडताळणी सक्तीची झाली आहे. साठी ओलांडलेल्या माणसाला ऑथेंटिकेटर अॅप म्हणजे काय ते समजावणं हे सगळ्या मांडणीतलं सर्वांत लांबलेलं काम होतं. रिकव्हरी कोड छापून कपाटात, जमिनीच्या कागदांच्या फायलीत ठेवले आहेत. हसू नका, फोन बदलला तेव्हा तेच उपयोगी पडले.

आता मराठीचे प्रश्न. इंग्रजी मार्गदर्शकांत यातलं काही सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डेकॅप शीर्षकावरूनच लेखाचा पत्ता बनवतं. शीर्षक देवनागरीत तर पत्ताही देवनागरीत. ब्राउझरात तो छान दिसतो. पण कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की टक्के आणि आकड्यांची माळ होते, कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात तीन बाइटचं आणि लिंकमध्ये नऊ अक्षरांचं. नुसत्या 'माटोळी' (गणेश चतुर्थीला गणपतीवर बांधायची फळा-पानांची आरास) या शब्दाची ५४ अक्षरं होतात! गावच्या ग्रुपवर असली लिंक कुणी दाबत नाही, फसवणूक वाटते. म्हणून 'पत्ता, रोमन अक्षरांत' अशी वेगळी चौकट दिली. तिला नियम लावता येतो आणि चूक झाल्यावर दिसणारा संदेशही मराठीत देता येतो. काकी आता सवयीने दोन शब्दांत पत्ता लिहितात.

तारखेचं तसंच. महिन्यांची नावं जेकिल इंग्रजीत छापतं. त्यासाठी डेटा फाइलीत जानेवारी ते डिसेंबर अशी यादी ठेवून तिथून नाव उचलायचं. आकडे देवनागरीत हवे असतील तर दहा आकड्यांसाठी दहा वेळा 'रिप्लेस' लिहायचं. दिसायला ओबडधोबड, पण एकदाच. आणि वेळ! गिटहबची यंत्रं यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात, आपण साडेपाच तास पुढे. सकाळी सहाला लिहिलेली नोंद त्यांच्या लेखी भविष्यातली ठरते, आणि भविष्यातल्या नोंदी जेकिल छापत नाही. नंतर ती वेळ आली तरी आपोआप उगवत नाही, पुढचा बिल्ड व्हावा लागतो. त्यामुळे पॅनेलमधल्या तारखेच्या साच्यातच +०५३० घालून ठेवावं. काकी पहाटे, चुलीवर पाणी तापेपर्यंत लिहितात. त्यामुळे ही दुरुस्ती नसती तर ब्लॉग पहिल्याच आठवड्यात बंद पडला असता.

फोनवरून लिहिताना मी त्यांना मजकुराच्या चौकटीत 'मार्कडाउन' चालू ठेवायला सांगितलं आहे. साध्या चौकटीत मराठी टंकणं निर्धोक असतं. परिच्छेदासाठी एक ओळ मोकळी सोडायची, एवढंच व्याकरण. फाँट मुक्ता, स्वतःच्याच साइटवर ठेवलेला. जुन्या स्टाइलशीटमधलं ओळींचं अंतर इंग्रजीच्या मापाचं होतं, ते वाढवल्यावर वेलांट्या आणि उकार श्वास घेऊ लागले.

नावडत्या गोष्टींत पहिली फोटोंची. डेकॅप फोटो लहान करत नाही. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढतो, आणि गिटमध्ये एकदा गेलेली फाइल नंतर खोडली तरी इतिहासात राहते. गिटहब पेजेसवर साइटची मर्यादा १ जीबी आहे. काकी आता व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच फोटो पाठवून, तो उतरवून मग चढवतात. त्यात तो आपसूक लहान होतो. उपाय गावठी आहे, पण माझ्या स्क्रिप्टपेक्षा तोच टिकला.

दुसरी जास्त गंभीर. मोफत खात्यात गिटहब पेजेससाठी रिपॉझिटरी (फाइलींचा साठा) सार्वजनिक असावी लागते. डेकॅपची मसुदे, तपासणी, तयार अशी सोय चालू केली तर मसुदे पुल रिक्वेस्ट (बदल सामील करायची विनंती) म्हणून जातात, म्हणजे साइटवर दिसत नसले तरी शोधणाऱ्याला वाचता येतात. म्हणून आमचा नियम असा: पाहुण्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय मसुद्यातही नाहीत, आणि न ठरलेले दर तर नाहीतच.

आणि थोडा उशीर. बिल्डला एक-दोन मिनिटं, वर दहा मिनिटांपर्यंत कॅश (आधी साठवलेली प्रत). सुरुवातीला "घातलं, पण दिसत नाही रे" असे फोन यायचे. आता काकी चहा करून मग बघतात.

वापर म्हणाल तर चवथीच्या आधीची माटोळीची नोंद सर्वांत जास्त वाचली गेली. कुळागरात आंबाडे, तोरिंजन, सुपारीचे घोस कुठून आणि कधी काढतात, एवढंच त्यात होतं. परदेशात असलेल्या गोंयकारांनी ती आपसांत फिरवली. पावसातल्या रस्त्याची नोंद मात्र फक्त येणारे पाहुणेच वाचतात. पण नेमके तेच फोन कमी झाले, म्हणजे काम झालं. काकी पंधरवड्याला एक तरी नोंद घालतात, शिगम्याच्या (होळीच्या सणाच्या) गडबडीतही घातली.

खर्च डोमेनच्या वार्षिक नूतनीकरणाचा, बाकी शून्य. घरात थोडंफार कमांड लाइन येणारं कुणी असेल आणि एकदा मांडणी करून द्यायला तयार असेल, तर खुशाल घ्या. तसं कुणी नसेल, किंवा साइटवरच बुकिंग आणि पैसे घ्यायचे असतील, तर वर्डप्रेसवाल्याला वर्षाचे पैसे द्या. पुढच्या पावसाच्या आधी मी बिल्डमध्येच फोटो लहान करायची पायरी बसवणार आहे. काकींनी विचारलंय, मग व्हॉट्सअॅपची युक्ती बंद करायची का. मी म्हटलं, चालू ठेवा.