बंद पडलेला लष्करी ट्रक घेताय? जीएमसी की एम-३५

वर्षानुवर्षं उभा असलेला ट्रक पुन्हा चालता करायचा आहे आणि समोर दोन अमेरिकी अडीच-टनी (म्हणजे अडीच टन माल वाहणारे) आहेत: दुसऱ्या महायुद्धातला जीएमसी सीसीकेडब्ल्यू आणि त्याच्या पुढच्या पिढीतला एम-३५ए२. पहिल्यांदाच हात घालणार असाल तर जीएमसी घ्या, असं मी ठामपणे सांगेन.

कारण त्याचं इंजिन. २७० घनइंचांचं, सहा सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन. बिघाड डोळ्यांना दिसतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग हॅण्डलने हलकेच फिरवून बघा. अडलं तर जोर लावू नका. फिरलं तरी लगेच सेल्फ मारायचा नाही. आधी वरचं कव्हर काढून एकेक व्हॉल्व्ह दाबा. जो सुस्तपणे वर येतो, तो गाइडमध्ये, म्हणजे त्याला सरळ धरणाऱ्या नळीत, चिकटलेला आहे. तसाच सेल्फ मारलात तर पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, वाकते. जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये हमखास सापडतो, पण तो घरी धुता येतो. वायरिंग ६ व्होल्टचं आहे, म्हणून बॅटरीच्या केबल जाडच हव्यात. बारीक केबलवर सेल्फ रेंगाळतो आणि दोष मात्र इंजिनाला लागतो.

एम-३५ए२ जास्त ताकदीचा, जास्त पळणारा. त्याचं ४७८ घनइंची टर्बो इंजिन डिझेलवर चालतं, रॉकेलवरही चालतं. ही खुबी मला मनापासून आवडते. पण सगळा जीव इंधन पंपात. पडून राहिलं की पंपाच्या आतले बारीक भाग जुन्या इंधनाच्या डिंकाने धरतात आणि ते सोडवणं टेस्ट बेंच (पंप तपासायचं यंत्र) असलेल्या कारागिराचंच काम. इंधन वाढलेल्या स्थितीत पंप अडकला तर इंजिन सुरू होताच सुसाट सुटतं. म्हणून पहिल्या स्टार्टच्या आधी इंधन तोडणारी केबल मोकळी आहे का ते बघा, आणि इंजिनाचं हवा ओढणारं तोंड दाबायला जाड फळी घेऊन एक माणूस तिथे उभा ठेवा. हाताने झाकायचं नाही. शिवाय २४ व्होल्टसाठी दोन चांगल्या बॅटऱ्या लागतात.

ब्रेकचं काम दोन्हीकडे सारखंच मोठं. सगळ्या चाकांसाठी ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असल्यामुळे एक नळी फुटली की पॅडल थेट खाली जातं. व्हील सिलिंडर, रबरी नळ्या, मास्टर सिलिंडर, सगळं नवं करा. इंजिन गुरगुरलं म्हणून गाडी गेटबाहेर काढण्याचा मोह इथेच आवरायचा. जीएमसीला ब्रेकचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा बूस्टर आहे, एम-३५ला हवेचा, त्यामुळे त्यात कंप्रेसर आणि टाक्यांची तपासणी वाढते. एम-३५मध्ये सिलिकॉनचं ब्रेक ऑइल असू शकतं. त्यात साधं मिसळू नका.

टायर काढताना लॉक रिंगच्या (टायर जागेवर धरणाऱ्या लोखंडी कड्याच्या) चाकातली हवा आधी पूर्ण सोडा. सुटलेली रिंग जीव घेते.

आणि एम-३५वरच मन बसलं असेल, तर चालू इंजिनाचा शोधा. बंदच मिळत असेल, तर पंपाच्या दुरुस्तीचा खर्च वजा करूनच किंमत ठरवा.