रेसिंग कार्ट पुण्याहून कोइम्बतूरला: रेल्वे पार्सल की ट्रकचा पार्ट लोड?

करी स्पीडवेला (कोइम्बतूरचा रेसिंग ट्रॅक) कार्ट, म्हणजे छोटी उघडी रेसिंग गाडी, पाठवायची तर पहिला विचार रेल्वेचाच येतो, स्वस्त पडते म्हणून, पण टाकी पूर्ण रिकामी लागते, स्टेशनपर्यंत टेम्पो, दोन्हीकडे हमाली, आणि पोचल्यावर वेळेत उचलली नाही तर वारफेज (माल स्टेशनात पडून राहिल्याचा दंड) चढतो तो वेगळाच. हे सगळं धरलं की फरक फार उरत नाही.

पार्ट लोडवाले, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर ट्रकमध्ये जागा देणारे, वजनापेक्षा जागा बघतात. कार्ट साधारण ६ फूट लांब, साडेचार फूट रुंद, त्यामुळे चाकं, बंपर, साइडपॉड (बाजूची आवरणं) काढा आणि क्रेटमध्ये मागच्या बाजूवर उभी करा, जागा बरीच वाचते (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलही काढा हं, नाहीतर गळतं). ट्रकला दिवस जास्त लागतात, पण मी तरी ट्रकच घेईन, एकदा क्रेट बांधली की चॅसी (सांगाडा) वाकायची भीती कमी. बिल्टीवर (ट्रकवाल्याच्या माल-पावतीवर) इंजिन नंबर लिहून घ्या.