वेस्टर्ली सेंटॉर २६: आधी बोटीखाली वाका, मग केबिनमध्ये शिरा

इंग्लंडच्या किनाऱ्यावर जुनी, छोटी, चार दिवस राहता येईल अशी शिडाची बोट शोधायला लागलात की पहिल्या आठवड्यातच वेस्टर्ली सेंटॉर समोर येते. लॉरेंट जाइल्स यांच्या कचेरीने आखलेली ही २६ फुटी बोट हॅम्पशायरमधल्या वॉटरलूव्हिलच्या कारखान्यात १९६९ ते १९८० या काळात बनली. एवढ्या वर्षांत २,४०० हून जास्त बोटी पाण्यात उतरल्या. म्हणजे सगळ्यात तरुण सेंटॉरनेही चाळिशी केव्हाच ओलांडली आहे. तरीही घ्यावी का? घ्यावी. मात्र भाव ठरवायचा तो दोन कील (बोटीच्या तळाखालची जड पाती) आणि इंजिन बघून. गाद्या, पडदे आणि ताजे वार्निश यांना त्यात जागा नाही.

एका खोल कीलऐवजी हिच्या पोटाखाली डावीकडे आणि उजवीकडे बिडाची एकेक कील आहे. त्यामुळे बोटीला जेमतेम ३ फूट पाणी पुरते. ओहोटीला पाणी सरले की ती कलंडत नाही, दोन पायांवर उभी राहते. चिचेस्टर आणि पूल ही बंदरे किंवा एसेक्सच्या खाड्या, इथे ओहोटीला नुसता चिखल उरतो. तिथे बोट बांधायची जागा मरिनाच्या (धक्के-सोयी असलेल्या बोटतळाच्या) मानाने खूपच स्वस्त पडते. सेंटॉर घेण्याचे खरे कारण हेच.

आणि हिचे खरे दुखणेही तिथेच आहे. बोटीच्या तळाला फायबरग्लासचेच दोन खुंट काढलेले असून त्यांना या कील बोल्टने आवळलेल्या आहेत. जागा उघडी असेल, तळ कडक वाळूचा असेल, तर पाणी येता-जाता लाटा बोटीला उचलून आपटतात. दर आपटीला कील बाजूला ढकलली जाते आणि खुंटाभोवतीचा तळ लवतो. एक पाय खड्ड्यात गेला तर सगळा भार एकाच कीलवर. सुरुवातीच्या बोटींत इथला थर कमी पडला, नंतरच्या बोटींत कारखान्याने तो भक्कम केला. म्हणून सुरुवातीच्या बोटीचे मजबुतीकरण झाले आहे का आणि कोणी केले, हा पहिला प्रश्न. चांगल्या कामात आतून दोन्ही खुंटांवर आडव्या पट्ट्या फायबरग्लासने पक्क्या बसवलेल्या दिसतात आणि बोल्टखाली रुंद जाड पत्रे असतात.

तपासणी बोट पाण्याबाहेर असतानाच करा. कील आणि खुंट यांच्या सांध्यावर गंजाचे ओघळ किंवा केसासारख्या भेगा आहेत का, ते टॉर्च लावून बघा. मग आत जाऊन केबिनच्या फळ्या काढा. नटांभोवती ओल आहे का? जवळच्या कप्प्यांचे फायबरग्लास तळापासून सुटले आहे का? सगळ्यात बोलकी परीक्षा क्रेनवर होते. बोट हळूहळू कीलवर टेकवताना एकाने आत बसून खुंटाजवळ हात ठेवायचा. तळ हललेला हाताला कळतो. फार शंका आली तर सर्व्हेयरकडून (बोटी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून) एखादा बोल्ट काढून घ्या. मध्ये बारीक झालेला बोल्ट वरच्या नटावरून ओळखू येत नाही. कीलवरचा वरवरचा गंज मात्र घाबरण्यासारखा नाही. बीड गंजणारच, तो घासून रंगवता येतो.

इंजिन बहुतेक व्होल्वो पेंटाचे. एमडी२बी हे २५ अश्वशक्तीचे दोन सिलिंडरचे डिझेल अजूनही अनेक बोटींत धडधडते. ते जड आणि दणकट आहे, पण अनेकदा थेट समुद्राच्या पाण्याने थंड होते. त्यामुळे आतली पाण्याची वाट गंजून अरुंद होते आणि सुटे भाग महाग पडतात. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. ते कोमट असेल तर विकणाऱ्याने अगोदरच चालवून ठेवले आहे, थंड इंजिन बघायला पुन्हा या. सुरू झाल्यावर निळा धूर राहिला तर तेल जळते आहे. भारावर काळा धूर आला तर इंजेक्टर किंवा शेवाळाने भरलेला बोटीखालचा पंखा (प्रॉपेलर) तपासा. एक्झॉस्टमधून पाणी जोरात पडले पाहिजे. नवे इंजिन बसवायचा खर्च बोटीच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतो. म्हणून आधीच्या मालकाने बीटा किंवा नॅनी कंपनीचे नवे इंजिन बसवून पावत्या जपल्या असतील, तर त्या बोटीला जास्त पैसे द्यायला कचरू नका.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या डेकवरच्या यू-बोल्टना अडकवतात, ते यू-बोल्ट आतल्या आत गंजतात. डेकच्या वर चकाकणारा स्टेनलेस डेकमधून जाताना, ओलीत आणि हवेविना, कुजलेला असू शकतो. एक काढून बघायला सांगा. डोलकाठीच्या तारा दहा वर्षांहून जुन्या असतील तर विमा कंपनी बहुधा बदलायला लावते, तो खर्च भावातून वजा करा. तळातले पितळी व्हॉल्व्ह खरवडा. धातू गुलाबी दिसला तर त्यातले जस्त गेले आहे, तो कधीही तुटेल.

केबिनच्या छताचे रेक्झिन लोंबते. मागचा फोम भुसा होऊन गळतो, म्हणून नुसते चिकटवून उपयोग नाही, सगळे काढून जुना फोम खरवडावा लागतो. काम किचकट असले तरी घरी करता येते. खिडक्यांची गळतीही नेहमीचीच, फ्रेम काढून नवे रबर घालावे लागते. फायबरग्लासच्या तळावर येणाऱ्या फोडांची जेवढी भीती दाखवतात तेवढी बाळगायची गरज नाही.

चालवायला कशी? वजन सुमारे ३ टन, त्यातले १,२७० किलो बिडाचे, त्यामुळे वाऱ्यात दमदार उभी राहते. बोट झुकली की वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची कील सरळ खाली येते आणि काम करू लागते. तरी वाऱ्याच्या तोंडावर ती एक खोल कील असलेल्या बोटीइतकी चढत नाही, आणि हलका वारा तिला आवडत नाही. रात्री नांगरावर दोन कीलच्या मधे पाणी थपडा मारते, तो आवाज सवयीचा करून घ्यावा लागतो. त्याच फटीत शेवाळ आणि कालवे सर्वांत जास्त चिकटतात, कारण ब्रश तिथे नीट पोचत नाही. बोट बाहेर काढली की आधी तिथेच बघा. आधीच्या मालकाने तळाची किती काळजी घेतली, ते तिथे दिसते.

कागदांत मालकीच्या विक्रीपत्रांची साखळी मागा. बोटीवर एसएसआर (ब्रिटनमधली लहान बोटींची नोंदणी) नंबर रंगवलेला असणे हा मालकीचा पुरावा नाही, त्या नोंदणीत मालकी तपासलीच जात नाही. साखळीतला एखादा कागद हरवला असेल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून लेखी खुलासा घ्या आणि बोटीवर कर्ज किंवा यार्डाची थकबाकी नाही, हेही त्यात लिहून घ्या.